‘नको’ म्हणणाऱ्या बाई

“रात्रीचं जेवण किती वाजता झालं?”

ठाण्याहून आलेली दहा-बारा माणसं एकमेकांची तोंडं बघतात. अकरा तर नक्की वाजले होते. गावठी कोंबडीचा रस्सा, नागलीची भाकरी, मग शेकोटी आणि अंताक्षरी. कुणीच बोलत नाही म्हणून बाईच काय ते समजतात आणि वहीत टिपून घेतात. शाळेतली साधी रेघी वही आहे. नाव, वय, ऑपरेशन, रक्तदाब, चालू गोळ्या असे रकाने पट्टीनं आखलेले.

“काचबिंदू कुणाला आहे का? चष्मा विचारत नाहीये, काचबिंदू.”

मागच्या रांगेतले एक काका हात अर्धवट वर करतात.

“मग आज तुमचं डोकं छातीच्या खाली जाणार नाही. सूचना देताना मी विसरले तरी तुम्ही विसरायचं नाही.”

सकाळचे साडेसहा वाजतायत. गाव दाभोसा, जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर. लेंडी नदी इथं कड्यावरून खाली झोकून देते. ३०० फूट म्हणतात. आश्विन लागलाय तरी पाण्याला जोर आहे, वारा फिरला की आवाज इथवर येतो. आम्ही उतरलोय त्या घराची पडवी ऐसपैस आहे. कालच सारवलेली जमीन, कारवीच्या कुडाची भिंत, आढ्याला बियाण्यासाठी टांगलेली मक्याची कणसं. समोरच्या खाचरांत हळवं भात पिवळं पडलंय, वर माळावर नागली तयार होतेय. कापणी तोंडावर आली म्हणूनच गावातल्या चार-पाच बाया इतक्या लवकर आल्यात. आठ वाजता त्यांना शेतावर असायला हवं.

बाई मूळच्या मोखाड्याकडच्या. नाशिकला शिकल्या, योगशिक्षकाचा अभ्यासक्रमही तिथंच केला, आता जव्हार-मोखाड्यातल्या गावांतून वर्ग घेतात. ठाणेकर त्यांना मॅडम म्हणतात, गाव बाई म्हणतं. आजचा वर्ग खरा गावचाच आहे. घरमालकाच्या ओळखीनं पाहुणे त्यात घुसलेत.

पाहुण्यांत एक तिशीतला तरुण आहे, अंगानं दणकट. त्याला शीर्षासन येतं. तसं तो सांगतो, आणि धबधब्याच्या वरच्या कातळावर ते करून फोटो काढायचा बेत आहे हेही सांगतो. धबधब्याखालच्या कुंडात उड्या मारून पोहायला गेलेल्यांचे जीव गेलेत, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. बाई त्यावर काही म्हणत नाहीत. “कुठं शिकलात?” एवढंच विचारतात. तो मोबाइल पुढं करतो. बाई तो व्हिडिओ उभ्या उभ्या पुरता बघतात, मधे एकदा थांबवून मागं नेतात.

“हा माणूस चांगलं करतोय,” त्या म्हणतात. “पण खांदे त्याचे आहेत. तुम्ही आधी नुसते उभे राहून दाखवा.”

नुसतं उभं राहणं म्हणजे काय ते पुढची पाच-सात मिनिटं मी बघतो. बाई त्याच्या पायांशी उकिडव्या बसतात. उजवं पाऊल बाहेर वळलेलं. सगळा भार टाचांवर. गुडघे मागं ताणून कुलूप लावल्यासारखे. मग त्या बाजूला येऊन उभ्या राहतात आणि एक बोट त्याच्या कानाला, एक खांद्याच्या टोकाला लावतात. कान खांद्याच्या वर यायला हवा, तो चांगला चार बोटं पुढं आहे. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याची मान. “हात वर घ्या.” हात वर जातात, पण त्याबरोबर कंबर पुढं ढकलली जाते आणि बरगड्या वर येतात. बाई हात लावून काही ओढत नाहीत, दाबत नाहीत, पंजाची मागची बाजू फक्त त्याच्या खालच्या बरगडीपाशी धरतात आणि म्हणतात, “माझ्या हाताला लागू देऊ नका.” तो बरगड्या आत घेतो. आणि हात आपोआप खाली येतात. कानापर्यंतही राहत नाहीत.

“खांदा एवढाच उघडतोय. शीर्षासनात खांदे उचलून धरत नसतील तर भार कुठं जाईल?”

“मानेवर?”

“वजन किती तुमचं?”

“ऐंशी.”

अमेरिकेत सरावातल्या ४५ जणांना भार मोजणाऱ्या फळीवर शीर्षासन करायला लावून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. डोक्यावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या ४० ते ४८ टक्के भरला. म्हणजे ऐंशीच्या माणसाला ३२ ते ३८ किलो, आणि तेही पाय कसे वर नेता-आणता त्यावर कमी-जास्त. ही सराव केलेल्यांची गोष्ट. बाई हा आकडा मराठीत, सावकाश, पोराला गणित सांगावं तशा सांगतात.

तेवढ्यात खांबाला टेकून बसलेली आजी तोंडातली मिस्री बाजूला सारते. “डोकीवर दोन हंडं घेतो आमी. तेवढंच वजन झालं की!”

पडवीत हशा होतो. आक्षेप मात्र बिनतोड आहे. पाण्यानं भरलेले दोन हंडे एकावर एक, खाली चुंबळ, आणि चढ चढून घरी. इथल्या वाड्यांवर फेब्रुवारी-मार्चपासून हेच चालतं; पाऊस धो धो पडतो आणि सगळा उतारानं निघून जातो. मला वाटतं बाई आता अडल्या.

“आजी, तू पहिल्यांदा काय घेतलंस डोक्यावर?”

“पहिल्यांदा? लोटा. मंग कळशी.”

“हंडा कधी?”

“ल्हान हंडा… न्हाण आलं तवा. दोन हंडं लगीन झाल्यावर.”

“म्हणजे आठ-दहा वर्षं गेली. आणि कोण होतं बरोबर?”

“आयस होती. मान हालली का मागून टपली मारायची.”

बाई तरुणाकडं वळतात. तोही हसतोय, आता जरा वेगळं. पण त्यांचं अजून संपलेलं नाही. “आणि आजी, एवढं करून तू माझ्याकडं कशाला आलीस ते सांग त्यांना.”

“मान धरली व माझी,” आजी म्हणते, आणि सगळ्यात मोठ्यानं तीच हसते.

लोटा, कळशी, लहान हंडा, मग दोन हंडे, आणि मागं टपली मारणारी आई. योगशिक्षणाचा क्रम याहून चांगला मला कुणी सांगितलेला नाही. तरुणाला बाई शीर्षासनाऐवजी भिंतीला पाठ लावून हात वर न्यायचा एक साधा प्रकार देतात. रोज, तीन महिने. त्याचं तोंड पडतं. बाईंना त्याचं काही वाटत नाही.

मग सगळ्यांना मलासन. इथं पारडं एकदम फिरतं. पाहुण्यांच्या टाचा उचलल्या जातात, एक जण मागं कलंडतो, काचबिंदूवाले काका खांब धरतात. गावातल्या बाया मात्र शेंगा फोडायला बसल्यासारख्या उकिडव्या बसतात, टाचा सारवणाला घट्ट. आजी तर बसल्या बसल्या पुढं सरकून सतरंजीची घडी नीट करते. “आजीचे गुडघे बघा, पावलाच्या रेषेत आहेत,” बाई सांगतात. पाहुण्यांच्या टाचांखाली त्या गोधडीची गुंडाळी सारतात. घोटा जेवढा वळतो तेवढाच वळू द्यायचा, राहिलेलं अंतर गोधडीनं भरायचं.

पण याच बायांना त्या पुढं वाकायची आसनं जवळपास देतच नाहीत. हे माझ्या लक्षात उशिरा येतं. पाहुण्यांची एक रांग पाय पसरून पश्चिमोत्तानासनाच्या तयारीत आहे, आणि गावातल्या बाया पालथ्या झोपल्यात, मकरासनात. आषाढात आवणी, श्रावणात निंदणी, आता कापणी. वर्षातले चार महिने कमरेत वाकूनच जातात. त्यांना आणखी वाकायला लावून काय मिळणार? पुस्तकातल्या क्रमानं चालणारा शिक्षक सगळ्यांना एकच चौदा आसनं घालून मोकळा झाला असता.

चाळिशीच्या एका बाईची कंबर निंदणीपासून धरलीय. तिला आसन सांगण्याआधी बाईंनी तिला नुसतं खाली बसायला आणि उठायला लावलंय. उठताना ती उजव्या गुडघ्यावर हात ठेवते आणि डाव्या कुशीवर वळते. बाई जवळ बसून हळू आवाजात विचारत जातात.

“कळ पायात उतरते का?”

“मांडीपर्यंत.”

“पोटरीच्या खाली? अंगठ्यात मुंग्या?”

“नाय.”

“लघवीला, परसाकडंला काही वेगळं वाटतं? बसायच्या जागी बधिर?”

“नाय व बाई.”

“पाय बधिर पडला, नाहीतर लघवीचं कळेनासं झालं, तर माझ्याकडं यायचं नाही. थेट जव्हारला, कुटीर रुग्णालयात. त्याच दिवशी. घरात सांगून ठेव.”

मग तिला पालथं झोपवून कोपरांवर छाती जरा उचलायला लावतात, अर्धं भुजंगासन. तेही पाच श्वास. कळ मांडीतून वर, कमरेकडं सरकतेय का हे प्रत्येक वेळी विचारून. वर सरकली तर बरं, खाली उतरली तर थांबायचं. शेवटी तिला उताणं झोपवून पोटऱ्या बाजल्यावर ठेवतात. बाजलं जरा उंच पडतं, म्हणून तिच्या कमरेखाली घडी घातलेलं घोंगडं. दुसरीच्या पायाला पट्टा हवा असतो. घरमालक गोठ्यातून बैलाचं धुतलेलं दावं आणून देतो. घोंगडं, दावं, गोधडी, बाज. बाईंच्या पिशवीत यातलं काहीच नव्हतं.

पुण्यातल्या अय्यंगारांची आठवण होते. १९३७ साली विशीही न गाठलेला हा मुलगा डेक्कन जिमखान्याच्या बोलावण्यावरून म्हैसूरहून पुण्याला आला, थोड्या महिन्यांसाठी म्हणून, आणि २०१४ मध्ये पुण्यातच वारला. मराठी येत नव्हतं, इंग्रजीही जेमतेम, आणि शिकायला येणारे बहुतेक त्याच्याहून वयानं मोठे. लाकडी ठोकळे, पट्टे, दोर, घडीच्या खुर्च्या ही आसनांची साधनं त्यांनी घडवली ती ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी. आज त्याच वस्तू जगभर महाग दरानं विकल्या जातात. दाभोशात दाव्यावर भागतं. मात्र दावं पावलाच्या नेमक्या कुठल्या भागाखाली घालायचं ते दाव्याला माहीत नसतं.

आता प्राणायाम. पाहुण्यांतल्या पन्नाशीच्या एक बाई आनंदानं सरसावून बसतात. “कपालभाती ना? मी रोज पाचशे करते.” वहीत त्यांच्या नावापुढं रक्तदाबाची गोळी आहे. बाई त्यांच्यासमोर मांडी घालतात.

“आधी काहीच करू नका. नुसता श्वास घ्या. एक हात पोटावर.”

हे दृश्य मी अगदी जवळून बघतोय. त्या श्वास घेतात आणि पोट आत ओढलं जातं, खांदे वर. सोडतात तेव्हा पोट बाहेर. उलटा श्वास. रोज पाचशे वेळा त्या याच उलट्या चक्रावर झटके देत आल्यात. बाई त्यांना उताणं झोपवतात, पोटावर भाताच्या सुपातली छोटी पितळी वाटी ठेवतात. “श्वास आत आला की वाटी वर आली पाहिजे.” पहिल्या चार-पाच श्वासांना वाटी बुडते. मग एकदा कापत कापत वर येते. त्यानंतर परत बुडते. मिनिट-दीड मिनिटानं लय सापडते, कपाळावरची आठी जाते.

“कपालभाती बंद. महिनाभर तरी हेच. आत जेवढा वेळ, बाहेर सोडायला त्याच्या दुप्पट; रोखायचा अजिबात नाही.”

“मग गोळी बंद केली तर चालेल ना?”

“नाही. गोळी तुमच्या डॉक्टरांची. ती मी सुरूही करत नाही, बंदही करत नाही.”

कपालभाती हा हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत प्राणायाम म्हणून येतच नाही; धौती-नेतीच्या रांगेत, षट्कर्मांत, शुद्धीची क्रिया म्हणून येतो. चुकीच्या प्राणायामानं उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळे दुखणं मागं लागतं, हे ‘हठप्रदीपिका’ स्पष्ट बजावते. तो धोक्याचा फलक टीव्हीवरच्या योगातून कुठं गळून पडला कोण जाणे.

महाराष्ट्रानं तर हे सगळं शंभर वर्षांपूर्वी तपासायला घेतलं होतं. योगेंद्रजींनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला योगसंस्था काढली. ती पुढं सांताक्रूझला स्थिरावली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, त्यांनी आधी बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरण लावून उड्डियान आणि नौली करताना पोटात काय होतं ते पाहिलं, मग १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. पोटातला दाब किती उतरतो, रक्तदाबाचं काय होतं, हे मोजून छापलं. बाईंच्या तोंडच्या ‘नको’मागं ही सगळी मोजदाद आहे. आणि तिच्याही मागं जुनी वाट आहे. मोखाडा ओलांडून घाट चढला की त्र्यंबक. तिथं ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश दिला, अशी परंपरा. ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाची बैठक टाचेच्या जागेसकट मराठीत सांगून ठेवली, आणि हे आपल्याला थोरल्या भावाकडून मिळालं हे सांगायचं चुकवलं नाही.

शवासन थोडक्यात उरकतं. गावातली एक बाई घोरायला लागते, तिला कुणी उठवत नाही.

मग कोरा चहा. दूध पाहुण्यांसाठी वेगळं आलंय, पण बरेच जण कोराच घेतात. मी बाईंना सरळ विचारतो, तुमच्याकडं प्रमाणपत्र कुठलं? त्या वाईट वाटून घेत नाहीत. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा दिलीय, म्हणतात. त्या परीक्षांच्या पायऱ्या आहेत. प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरला २०० तास, वेलनेस इन्स्ट्रक्टरला ४००, त्यावर शिक्षक-परीक्षकाला ८००. आंतरराष्ट्रीय योग दिन २०१५ पासून सुरू झाला, त्याच वर्षी योगशिक्षकांच्या प्रमाणनाची सुरुवातही झाली. तरी आपल्याकडं डॉक्टरला असते तशी सक्तीची नोंदणी योगशिक्षकाला नाही. उद्या मी पाटी लावली तर मला कुणी अडवणार नाही.

“२०० तासांत कळतं सगळं?” मी विचारतो.

“आसनं कळतात. माणूस बघायला त्याच्या नंतर शिकलो आम्ही. गुरुजी वर्गात कोपऱ्यात उभं करायचे, करायचं काहीच नाही, फक्त बघायचं. कोण श्वास रोखतो, कोण दात आवळतो. सहा महिने.”

हे मला पटतं. कागद बघावा, पण तेवढ्यावर भागत नाही. पहिल्याच दिवशी जो तुमच्या दुखण्याचं काही विचारत नाही, त्याच्याकडं भिंतभर प्रमाणपत्रं असली तरी मी चटई पसरणार नाही. जुन्या कंबरदुखीवर योगाचा उपयोग होतो का, याचा कॉक्रेनचा आढावा २०१७ साली निघाला. हालचालीत थोडी ते मध्यम सुधारणा दिसली. पण त्या प्रयोगांतले वर्ग अनुभवी शिक्षकांनी घेतलेले होते, आणि तरीसुद्धा काहींची पाठ वाढून दुखल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा योग निरुपद्रवी असतो ही समजूत सोडलेली बरी. ज्यात गुण आहे त्यात अवगुणही असायचाच.

शीर्षासनवाला तरुण चहाचा पेला घेऊन येतो. “मॅडम, ऑनलाइन घ्याल का? रविवारी?”

“इथं रेंज आली तर घेऊ,” बाई म्हणतात. मग थोडं थांबून, “तुम्हाला ठाण्यातच कुणी चांगलं मिळेल. समोर जा. पहिल्या दिवशी शीर्षासन शिकवायला लागले तर दुसऱ्या दिवशी जाऊ नका.”

आठ वाजत आलेत. बाया विळे घेऊन खाचरांकडं निघाल्यात. कंबरवालीला बाईंनी आज कापणीत जमिनीवर उकिडवं बसून कापायला सांगितलंय, वाकून नाही; दर दोन ओळींनंतर उभं राहून हात कमरेवर, मागं जरासं. ती ते चालता चालता करून बघते. इतर बाया तिची थट्टा करतात आणि मग त्याही करून बघतात.

आजी अजून खांबापाशीच आहे. तिला मानेसाठी जे दिलंय ते तिच्या मानानं फारच किरकोळ आहे. भिंतीला डोकं टेकवून हनुवटी आत, दहा वेळा, आणि हंडा आठवडाभर सुनेकडं. सुनेकडं हंडा देणं तिला आसनापेक्षा अवघड वाटतंय. पण तिचं काम दुसरंच आहे.

“माझ्या पोराची कंबर जाते बाई. तिकडं वसईला भट्टीवर असतो. त्याला फोनवर सांगशील काय करायचं ते?”

“फोनवर नाही आजी.”

“लई दुखते त्याची.”

“म्हणूनच नाही. आता कुठं आहे तो?”

“हितंच. कापणी झाली, दिवाळी झाली का मुकादम गाडी घेऊन येतो.”

“मग गाडी यायच्या आधी आण. विटा कशा उचलतो ते इथं मला करून दाखवू दे.”

बाई वही परत उघडतात, नवी ओळ आखतात. वय आजीला नीट सांगता येत नाही. ऑपरेशन काही नाही, गोळ्या नाहीत. 

“डावरा हाय तो,” आजी म्हणते. “लिव्ह.”

त्याच्यासाठी वहीत रकाना नाही. बाई समासात लिहितात.